शिरोरेषेखालची पांढरी जागा : देवनागरी अक्षरलोगोचा तोल कसा साधावा

नावाचा लोगो करायचा ठरला की नवखा माणूस आधी फॉन्टची यादी उघडतो. माझे म्हणणे, आधी नाव नीट पाहा. त्यात उभ्या दांड्या किती आहेत, त्या कुठे दाटल्या आहेत, शिरोरेषेवर काय काय चढले आहे, खाली काय लोंबते आहे आणि या सगळ्यांच्या मध्ये पांढरी जागा कशी पसरली आहे, एवढे कळले की तोल कुठे ढळणार हे काम सुरू होण्याआधीच दिसते. देवनागरी लोगोचा तोल अक्षरांच्या काळ्या भागापेक्षा शिरोरेषेखालच्या पांढऱ्या भागावर जास्त ठरतो, असे माझे ठाम मत आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच मताने लावल्या आहेत.

उदाहरणाला एकच शब्द शेवटपर्यंत घेऊ: ‘शिदोरी’. घरगुती डबे पुरवणाऱ्या कुणासाठी हा लोगो करायचा आहे असे समजा. अधूनमधून दुसरे शब्दही येतील, पण हात चालवायचा तो याच शब्दावर.

साहित्य फारसे लागत नाही. ग्राफ कागद, बटर पेपर, एचबी आणि टूबी पेन्सिली, खोडरबर, काळा मार्कर, आणि मिळालाच तर बोरू किंवा तिरका काप दिलेली निब. संगणकावर इंकस्केप हा रेखाटनाचा प्रोग्राम मोफत मिळतो, तेवढा पुरे. आधीपासून इलस्ट्रेटर वापरत असाल तर तेच वापरा.

नावाची तपासणी

शब्द कागदावर मोठा, साध्या हस्ताक्षरात लिहा. आता फक्त उभ्या दांड्या मार्करने गडद करा. ‘शिदोरी’त चार निघतात: पहिल्या वेलांटीची, श ची, ओकारातल्या कान्याची आणि शेवटच्या दुसऱ्या वेलांटीची. द आणि र यांना स्वतःची दांडी नाही. ही दोन्ही अक्षरे शिरोरेषेला वरून लटकतात.

देवनागरीतली अक्षरे या दृष्टीने तीन गटांत पडतात. ग, च, त, न, प, म, य, ल, व, स अशा बऱ्याच अक्षरांची दांडी उजव्या कडेला असते. क आणि फ यांची दांडी मधोमध, दोन्ही बाजूंना पोटे. आणि ट, ठ, ड, ढ, द, र, ह, ळ यांना पूर्ण दांडीच नाही. नाव कोणत्या गटातल्या अक्षरांनी भरले आहे त्यावरून त्याचा स्वभाव ठरतो. ‘बाबा’मध्ये दांड्याच दांड्या, म्हणून ते कुंपणासारखे दिसण्याचा धोका. उलट ‘दही’ किंवा ‘हळद’ अशा शब्दांत दांड्या कमी, म्हणून शब्द शिरोरेषेखाली झुलत राहतो आणि त्याला खाली टेकू सापडत नाही.

आता शिरोरेषेच्या वर पाहा. ‘शिदोरी’त पहिल्या अक्षरावर डावीकडून उजवीकडे जाणारी वेलांटीची कमान आहे, शेवटच्या अक्षरावर उजवीकडून डावीकडे येणारी, आणि मध्ये ओकाराची मात्रा. दोन टोकांना दोन कमानी समोरासमोर तोंडे करून उभ्या! असा योग प्रत्येक नावात नसतो. तो दिसला की कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे कामाला येतो. शिरोरेषेखाली बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरे ज्या खालच्या रेषेवर टेकतात तिच्या, पलीकडे मात्र फक्त द चे शेपूट उतरते. म्हणजे या शब्दाचा भार वर जास्त आहे आणि खाली कमी. ‘गुरुकुल’ घेतले तर नेमके उलट: वर काहीच नाही, खाली उकार लोंबतात.

जोडाक्षर असेल तर त्याच वेळी पर्यायांचाही विचार करावा. ‘विठ्ठल’मधला ठ्ठ एकाखाली एक रचला तर शब्दाच्या मधोमध खोल वजन तयार होते. पाय मोडून शेजारी-शेजारी लिहिला तर शब्द लांबतो, पण खालची ओळ स्वच्छ राहते. दोन्ही वाचता येतात. मला स्वतःला लोगोत रचलेले जोडाक्षर आवडते, कारण शब्दाला ओळखीचा एक बिंदू मिळतो. पण नाव पाटीवर लांबट पट्टीत बसवायचे असेल तर ते खोल वजन सांभाळणे कठीण जाते.

रेषा आखून घ्या

ग्राफ कागदावर शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून बेसलाइनपर्यंत सहा समान भाग करा. हे अक्षराचे शरीर. वरच्या मात्रा-वेलांट्यांसाठी आणखी अडीच भाग आणि खालच्या उकार-शेपटांसाठी दोन भाग ठेवा. हे माप नियम म्हणून पाळायचे नाही, सुरुवात म्हणून घ्यायचे. उभ्या दांडीची जाडी पहिल्या प्रयत्नात एक भाग धरा.

याशिवाय शरीराच्या मध्याच्या थोडी वर एक फिकट आडवी रेषा मारा. द ची गाठ, श ची गाठ, र चे डोके संपण्याची जागा, क चे पोट यांची उंची या रेषेशी ताडून पाहायची आहे. नवख्या कामात अक्षरांच्या गाठी वर-खाली उड्या मारताना दिसतात. प्रत्येक अक्षर एकेकटे चांगले असते, शब्द मात्र अस्वस्थ वाटतो. गाठी एका पट्ट्यात आणल्या की शब्दाच्या पोटातून एक अदृश्य ओळ धावू लागते. सगळ्या गाठी अगदी एका रेषेवर नकोत. त्याने शब्द छापील आणि कडक होतो. एका अरुंद पट्ट्यात असल्या म्हणजे झाले.

गोल अक्षरांबद्दल एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. ट, ठ, ढ, ळ यांचा तळ गोल असतो. हा गोल तळ बेसलाइनला नुसता टेकवला तर शेजारच्या दांडीपेक्षा अक्षर आखूड दिसते, कारण गोलाचा अगदी थोडा भाग रेषेला भेटतो. म्हणून गोल तळ बेसलाइनच्या किंचित खाली उतरवायचा, शरीराच्या उंचीच्या साधारण एक ते दोन टक्के. सहा सेंटिमीटर उंच अक्षरात हे फार तर मिलिमीटरभर होते. एवढेसे, पण नसले तर डोळ्याला लगेच खुपते.

ढोबळ आराखडे

आता पेन्सिलीने छोटे छोटे आराखडे करा, अंगठ्याएवढे. एका पानावर आठ-दहा. रुंद, उभट, जाड, बारीक, शिरोरेषेसह, शिरोरेषेशिवाय. तपशिलात शिरू नका, फक्त काळे-पांढरे पाहा.

हाताशी बोरू असेल तर शब्द त्याने आधी काही वेळा लिहून घ्यावा. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेला देतात, म्हणून जाड-बारीकपणा वेगळ्या जागी पडतो. रोमन अक्षरांतल्या जाड-बारीक जागा पाहून देवनागरीत तशाच उतरवल्या की ट आणि ठ उलटे फिरवल्यासारखे दिसतात. लोगोत जाडी सगळीकडे सारखीच ठेवायची असली, तरी बोरूने लिहिल्यावर हाताला वळण कुठे वळते आणि कुठे थांबते ते कळते. ते पुढे रेषा काढताना उपयोगी पडते.

ज्यांना चांगली उदाहरणे पाहायची आहेत त्यांनी कमल शेडगे यांची मराठी नाटकांची शीर्षके जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत शोधावीत. अवघ्या दोन-तीन अक्षरांत नाटकाचा स्वभाव उभा राहतो आणि तरीही शब्द डळमळत नाही. अशी पाच-सहा शीर्षके बटर पेपरवर गिरवा. उतरवून वापरण्यासाठी नाही, तर पांढरी जागा कुठे कमी-जास्त केली आहे ते बोटांना कळावे म्हणून. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांचे काम सुलेखनाच्या बाजूने पाहण्यासारखे आहे.

शिरोरेषा काढून टाकण्याचा मोह नव्या कामात हमखास होतो. आधुनिक दिसते, हे खरे. पण घ आणि ध, म आणि भ, य आणि थ ही जोड्यांची अक्षरे ओळखण्यात शिरोरेषेचा मोठा वाटा आहे. ध, भ, थ यांच्या डाव्या टोकावर ती तुटते, त्यावरून वाचक ओळखतो. शिरोरेषा नसेल तर या अक्षरांची डावी गाठ ठळक वळवावी लागते. नावात ही अक्षरे नसतील तर हा पर्याय खुशाल आजमावा. ‘शिदोरी’त ती नाहीत. पण इथे शिरोरेषा गेली की द आणि र या लटकणाऱ्या अक्षरांना आधार राहत नाही, म्हणून या शब्दात मी ती ठेवीन.

अंतर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

दोन दांड्यांच्या मधल्या जागेला मी खोली म्हणतो. ‘शिदोरी’च्या चार दांड्यांमध्ये तीन खोल्या आहेत. पहिलीत श चा डावा भाग राहतो, दुसरीत द, तिसरीत र.

नवखा माणूस तिन्ही खोल्या मोजून सारख्या करतो. मग काय होते? श चा डावा भाग गाठीचा आणि भरगच्च, म्हणून पहिली खोली काळी पडते. र अंगाने सडपातळ, त्याच्या डोक्याखाली डावीकडे मोठा रिकामा त्रिकोण उरतो, म्हणून तिसरी खोली ओस दिसते. शब्द डावीकडे जड होतो. मोजपट्टी म्हणते सारखे, डोळा म्हणतो नाही. अशा वेळी डोळ्याचे ऐकायचे.

सारखी करायची आहे ती रुंदी नव्हे, खोलीतली पांढरी जागा. त्यासाठी एक हमखास युक्ती सांगतो. आराखड्यावर बटर पेपर ठेवा आणि अक्षरे न गिरवता फक्त पांढऱ्या जागा पेन्सिलीने भरा: शिरोरेषेखाली, बेसलाइनच्या वर, दांडी ते दांडी. बटर पेपर उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला की अक्षरे नाहीशी होतात आणि खोल्यांचे आकार एकटे समोर येतात. कोणता आकार फुगला आहे, कोणता चिरडला आहे, ते लगेच कळते. संगणकावर हेच करायचे तर पांढऱ्या जागांवर फिकट रंगाचे आकार काढून शेजारी शेजारी मांडा.

मग दुरुस्तीचे दोन मार्ग. पहिला, खोली रुंद-अरुंद करणे: श ची थोडी रुंद, र ची थोडी अरुंद. दुसरा, खोलीतल्या अक्षराचा आकार बदलणे: र चे डोके जरा मोठे आणि खाली ओढलेले काढले की तो रिकामा त्रिकोण आपोआप लहान होतो. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. पहिल्याने दांड्यांची लय बिघडू शकते. वाचताना डोळा दांड्यांवरून टप्पे घेत जातो, ते टप्पे फार कमी-जास्त झाले की शब्द अडखळतो. प्रत्यक्षात थोडे हे आणि थोडे ते करूनच जमते. र चा पाय शेवटच्या दांडीला चिकटू मात्र देऊ नका. मोठ्या आकारात दिसणारी फट लहान आकारात बुजते, म्हणून ती सुरुवातीलाच मोकळी ठेवा.

आता एक वेगळा शब्द पाहा: ‘गणेश’. महाराष्ट्रात हा शब्द असलेल्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. ग, ण, श या तिन्ही अक्षरांत डावा भाग वेगळा आणि दांडी वेगळी. अक्षरांमधले अंतर आणि अक्षराच्या आतले अंतर सारखे झाले तर सहा तुकड्यांची रांग दिसते, तीन अक्षरे दिसत नाहीत. अशा वेळी अक्षराच्या आतले अंतर नेहमी पुढच्या अक्षरापर्यंतच्या अंतरापेक्षा कमी ठेवायचे. ख च्या बाबतीत तर हे न पाळल्यास अर्थच बदलतो. दोन भाग दूर गेले की ‘खाऊ’चा ‘रवाऊ’ होतो. म्हणून ख चा डावा पाय खाली वळवून दांडीला जोडलेला बरा.

फॉन्टमध्ये टाइप करून अक्षरांतर वाढवायला गेलात तर शिरोरेषेत फटी पडतात. अक्षरांतर वाढवायचेच असेल तर आधी अक्षरांच्या बाह्यरेषा करून घ्या, म्हणजे टाइप केलेली अक्षरे साध्या आकारांत बदला, अक्षरे हाताने सरकवा आणि शिरोरेषा नव्याने एकसंध काढा.

जाडी: सारखी दिसण्यासाठी सारखी नको

एकाच जाडीची आडवी आणि उभी रेषा शेजारी ठेवली तर आडवी जाड वाटते. म्हणून शिरोरेषा दांडीपेक्षा किंचित बारीक ठेवतात. दांडी १० असेल तर शिरोरेषा ९ पासून सुरू करा आणि लांबून पाहून ठरवा. लांब नावात शिरोरेषा अधिकच जड वाटते, कारण ती सलग धावते आणि सगळ्या अक्षरांचा वरचा काळेपणा एका ओळीत जमा करते. ‘शिदोरी’सारख्या आटोपशीर शब्दात फार उतरावे लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे सांधे. जिथे वळण दांडीला मिळते, जिथे द ची गाठ वळते, जिथे श चा पाय गाठीतून फुटतो, तिथे दोन रेषा एकत्र येऊन काळा डाग पडतो. सांध्यापाशी येणारी रेषा थोडी निमुळती करा. हा डाग मोठ्या आकारात लक्षात येत नाही, पण लोगो नखाएवढा झाला की सगळ्यात आधी तोच दिसतो.

अनुस्वाराचा टिंब दांडीच्या जाडीइतकाच ठेवला तर लहान दिसतो. चहूबाजूंनी पांढरे असल्याने तो आक्रसतो. त्याचा व्यास दांडीपेक्षा मोठा घ्या. आपल्या शब्दात अनुस्वार नाही, पण ‘आनंद’, ‘गंगा’, ‘वसंत’ अशी नावे लोगोसाठी नेहमी येतात.

फार जाड अक्षरांत काम करायचे असेल तर एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मोदक’ हा फॉन्ट उघडून पाहा. अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की आतली पांढरी जागा केवळ रेघोट्यांपुरती उरते, आणि तरीही शब्द वाचता येतो, कारण त्या प्रत्येक रेघोटीची जाडी आणि जागा विचार करून ठेवलेली आहे. जाड लोगोत पांढऱ्या रेषा काढायच्या असतात, काळ्या नव्हे, हे तिथे नीट समजते. त्याच गटाचे ‘बालू’ आणि ‘मुक्त’ हेही पाहण्यासारखे. हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. त्यांच्यावरून अक्षरे बदलून लोगो केला तरी चालतो.

शिरोरेषेच्या वर

आता त्या समोरासमोरच्या कमानींकडे येऊ. पहिली वेलांटी फॉन्टमध्ये बहुधा ठरावीक रुंदीची असते. श रुंद, म्हणून कमान त्याच्या दांडीपर्यंत पोचत नाही, किंवा अरुंद अक्षरावर ती पुढे निघून जाते. हाताने काढताना कमान आपल्या अक्षराच्या दांडीपर्यंत नीट आणून टेकवा. शेवटच्या री ची कमान र वरून मागे वळते. दोन्हींची उंची सारखी ठेवा. रुंदी सारखी असायलाच हवी असे नाही, कारण श आणि र सारखे रुंद नाहीत. पण वळणाचा ताण सारखा हवा. एक टणक आणि एक ढिली दिसली की दोन वेगळ्या हातांनी काढल्यासारखी वाटतात.

मधल्या ओकाराच्या मात्रेला या दोन कमानींच्या मध्ये आपली जागा मिळायला हवी. मात्रा डावीकडे झुकते, म्हणून डावीकडच्या कमानीशी तिचे अंतर लवकर कमी होते. ती थोडी उभी केली की मोकळीक येते. कमानींपेक्षा उंच जाऊ दिली तर शब्दाला मध्ये शिखर येते, खाली ठेवली तर दरी. डब्याच्या लोगोला मी दरी निवडीन, कारण दोन्ही कमानी मिळून वरून झाकण घातल्याचा भास होतो. पण हे डिझायनरने ठरवायचे. फक्त कमान आणि मात्रा अगदी एका उंचीवर आणून सोडू नये, त्याने वरचा भाग बेताल दिसतो.

रफार असलेल्या नावांत, ‘दुर्गा’ किंवा ‘सूर्य’ घ्या, रफार शेवटच्या दांडीवर बसतो आणि उजवे टोक जड करतो. तिथे डावीकडे वर काहीच नसेल तर रफार थोडा लहान आणि सपाट ठेवणे हा सोपा उपाय.

श आणि ल कोणत्या वळणाचे काढायचे, हा प्रश्नही इथेच सोडवा. मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल रूढ आहे, महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही तेच रूप दिले आहे. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात आणि भाषा मराठी निवडल्यावरच मराठी वळण देतात. मराठी नावाच्या लोगोत मराठी वळणच असावे, असा माझा आग्रह आहे. आणि पांढऱ्या जागेचे गणित दोन्ही वळणांत वेगळे असल्याने हे नंतर बदलणे म्हणजे पहिल्या खोलीचे काम पुन्हा करणे.

संगणकावर आणताना

पेन्सिलीचे काम पक्के झाले की स्वच्छ स्कॅन किंवा वरून सरळ घेतलेला फोटो प्रोग्राममध्ये फिकट करून ठेवा आणि त्यावर पेन टूलने बाह्यरेषा काढा. बिंदू कमी ठेवा. वळणाच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक बिंदू आणि त्यांचे हात, म्हणजे बिंदूतून निघून वळण ठरवणाऱ्या रेषा, आडवे किंवा उभे. एवढ्याने वळणे गुळगुळीत राहतात. आपोआप ट्रेस करणारी सोय वापरू नका. ती शेकडो बिंदू टाकते आणि पुढे एक कमान सुधारायला अर्धा दिवस जातो.

फॉन्टवरून सुरुवात करत असाल तर आधी शब्द बरोबर उमटतो आहे का ते पाहा. दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू नसेल तर काही प्रोग्राममध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे तुटतात. मग अक्षरांच्या बाह्यरेषा करा आणि सगळे तुकडे एकत्र जोडून एकच आकार करा. तुकडे एकमेकांवर नुसते चढलेले राहिले तर विनाइल कापणारे यंत्र शिरोरेषेत मधेच काप घालते.

चौकटीत किंवा वर्तुळात बसवताना

प्रोग्राममधले मध्यभागी आणण्याचे बटण सगळ्यात बाहेरच्या कडा धरून मध्य काढते. ‘शिदोरी’त वर कमानी उंच आणि खाली फक्त द चे शेपूट, म्हणून हे बटण दाबल्यावर अक्षरांचे शरीर मध्याच्या खाली जाते आणि शब्द घसरलेला दिसतो. आधी शिरोरेषा ते बेसलाइन एवढाच आयत मध्यावर आणा, मग पूर्ण शब्द पाहत थोडा थोडा खाली सरकवा, वरच्या कमानी चौकटीला डिवचेनाशा होईपर्यंत. योग्य जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. माणसाच्या डोळ्याला मध्य नेहमी खऱ्या मध्याच्या किंचित वर वाटतो, तेव्हा शंका आली तर वरच्या बाजूला झुकावे.

आडव्या दिशेत आपला शब्द सोपा आहे, दोन्ही टोकांना सरळ दांड्या आहेत. शिरोरेषा दोन्हीकडे दांडीच्या किती पुढे काढायची एवढेच ठरवायचे. ‘टपाल’सारखा शब्द गोल अक्षराने सुरू होतो. तिथे शिरोरेषा ट च्या पोटावरून डावीकडे पुरेशी पुढे न्यावी लागते, नाहीतर डावे टोक कापल्यासारखे वाटते.

मराठी आणि रोमन शेजारी

महाराष्ट्रात दुकान किंवा आस्थापना असेल तर २०२२ची कायद्यातली दुरुस्ती लक्षात ठेवावी लागते. नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत हवा, मराठी नाव आधी हवे, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. म्हणून दोन लिप्यांचा लोगो करताना मराठी नाव नंतर कोपऱ्यात चिकटवायचे, असा विचार मुळातच सोडा. मराठीचा लोगो आधी पूर्ण करा, रोमन त्याला जुळवून घ्या.

उंची जुळवताना शरीराची उंची धरा, मात्रा धरू नका. देवनागरी शरीर रोमनच्या लहान अक्षरांपेक्षा उंच आणि मोठ्या अक्षरांच्या जवळपास ठेवले की दोन्ही एका आवाजात बोलतात. जाडी मात्र आकड्यात सारखी ठेवू नका. देवनागरीत एका अक्षरात रेषा जास्त आणि वर शिरोरेषा, म्हणून तीच जाडी अधिक काळी दिसते. देवनागरीची दांडी थोडी बारीक करा किंवा शरीर थोडे मोठे करा. कायद्याच्या दृष्टीनेही शरीर मोठे करणे सोयीचे.

तपासणी

लोगो छापून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. डोळे किलकिले करून पाहा. अक्षरे विरघळतात आणि काळ्या-पांढऱ्याचे ढीग उरतात. कुठे काळा डाग किंवा पांढरे भोक दिसले तर ती जागा सुधारा. मग कागद उलटा करा. शब्द वाचता येत नाही, म्हणून डोळा अर्थात अडकत नाही आणि कललेली दांडी, ढिली कमान, अरुंद खोली स्पष्ट दिसते. आरशातही पाहा. एक रात्र मध्ये जाऊ देऊन सकाळी पुन्हा पाहा.

त्यानंतर आकार. मोबाइलच्या पडद्यावरच्या चिन्हाएवढा लहान करून बघा. र च्या पायाजवळची फट बुजली, श ची गाठ भरली, तर लहान आकारासाठी वेगळी आवृत्ती करा: शिरोरेषा आणखी बारीक, आतल्या जागा मोकळ्या. रबरी शिक्का आणि कापडावरची भरतकामाची अक्षरे यांनाही हीच आवृत्ती द्यावी. पाटीसाठी अ‍ॅक्रिलिकची सुटी अक्षरे कापून घेणार असाल तर शिरोरेषेला न टेकणारा प्रत्येक भाग, म्हणजे अनुस्वार, नुक्ता, चंद्रबिंदू, वेगळा कापून वेगळा बसवावा लागतो, हे पाटीवाल्याशी आधीच बोला.

गडद रंगावर पांढरे अक्षर जाड भासते, म्हणून उलट रंगाची आवृत्ती नुसता रंग पालटून करू नका. त्यात सगळ्या रेषा किंचित बारीक करा आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वजन जुळते का पाहा. ग्राहकाला देताना एसव्हीजी आणि पीडीएफ द्या, त्यात चार फाइल वेगळ्या ठेवा: पांढऱ्यावर काळी, काळ्यावर पांढरी, लहान आकाराची आणि रोमनसहची. प्रत्येक फाइलच्या नावात ती कशासाठी आहे ते मराठीत लिहा, म्हणजे छापखान्यातला माणूस चुकीची उघडणार नाही.